चंगळवादाची शेगडी

मर्व्हिन टॅप्सेल यांना कला झाली ती एका मंगळवारी सकाळी. एखाद्याला सर्दी होते तशीच, म्हणजे आदल्या दिवसापर्यंत माणूस ठणठणीत होता.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हॅलिडनमध्ये वर्षातून दोनदा घरातलं अडगळीचं सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवायची सोय आहे. नगरपालिकेचा ट्रक येतो आणि उचलून नेतो. ट्रक यायच्या आधी सगळं गाव पायी फिरायला निघतं. "काय काय फेकतात हो लोक!" असं म्हणत प्रत्येक जण दुसऱ्याच्या ढिगाऱ्यात डोकावतो आणि परतताना काखेत एखादं स्टूल असतं. मर्व्हिनमास्तरांनी एकतीस वर्षं गावच्या शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे ते या फिरण्याला निरीक्षण म्हणत. तर निरीक्षण करत करत ते शेजारच्या झ्वॉन्को बाबिचच्या फाटकापाशी आले आणि थबकले. तिथे सहा बर्नरचा, चाकं असलेला, झाकणाचा, चांगला धडधाकट बार्बेक्यू, म्हणजे अंगणात मांस भाजायची गॅसची शेगडी, उभा होता.

झ्वॉन्को म्हणजे फरशी बसवणारा मिस्त्री. विसाव्या वर्षी क्रोएशियातून आला, निम्म्या गावाच्या न्हाणीघरांना फरशा लावल्या आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर निवृत्त झाला. तो पायरीवर बसून कॉफी पीत होता.

"झ्वॉन, हा बिघडला की काय?"

"बिघडतोय कसला! एका चापात पेटतो."

"मग फेकलास का?"

"म्हणजे काय मास्तर, नवा आला ना! ये, बघ." आणि त्याने मास्तरांना मागच्या अंगणात नेलं. तिथे नवा बार्बेक्यू होता. त्याला आठ बर्नर होते, कुशीला छोटा फ्रिज होता, प्रत्येक बटणाला निळा उजेड होता. "झाकणाच्या आत दिवा आहे," झ्वॉन्को कुजबुजला, जणू देवघर दाखवत होता. "मांसाच्या पोटात काय चाललंय तेसुद्धा दिसतं."

मास्तर घरी आले ते कानशिलं तापवूनच. त्यांच्या पत्नी ग्लेनिसबाई औषधाच्या दुकानात कामाला निघायच्या गडबडीत होत्या.

"मी काहीतरी करणार आहे," मास्तर म्हणाले.

"कपडे वाळत घालणार असशील तर बादली भरलेली आहे."

पण मास्तरांचं मन बादलीच्या पलीकडे गेलं होतं. नगरपालिकेने किनाऱ्यावरच्या हिरवळीवर शिल्पप्रदर्शन भरवायचं जाहीर केलं होतं आणि ते कोणालाही खुलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं: तोच फेकलेला बार्बेक्यू, झाकणापासून चाकांपर्यंत पाच-पाच सेंटच्या नाण्यांनी मढवलेला. पैशाचीच शेगडी! जिथे माणूस अन्न नाही, पैसा भाजतो! चंगळवादाच्या तोंडावर सणसणीत मांडणशिल्प! त्याच तिरीमिरीत त्यांनी संगणकावर प्रवेशअर्ज भरला. 'कलाकाराचे मनोगत' या रकान्यात तर त्यांनी अकरा ओळी अशा लिहिल्या की शेवटचं उद्गारचिन्ह देताना कळफलकाची कळ अडकून बसली. रागात लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं, असं जुनी माणसं सांगतात. संगणकावरचा अर्ज उशीखाली ठेवता येत नाही, हा आधुनिक युगाचा मोठाच तोटा आहे.

मग ते बार्बेक्यू आणायला गेले. गुपचूप आणायचा बेत होता, पण एका चाकाने असा काही टाहो फोडला की झ्वॉन्को धावत आला. त्याने चाकाला तेल घातलं आणि स्वतःच ढकलत मास्तरांच्या अंगणात आणून लावला.

"घे की मास्तर, संकोच कसला? पण तुला कशाला हवाय?"

"कलाकृती करतोय. प्रदर्शनासाठी."

"अरे वा! कशावर?"

"समाजावर."

"कुठल्या?"

"एकंदर."

"बरं झालं," झ्वॉन्को म्हणाला. "फार माजलाय तो."

आता नाणी. गावात नाणी कोणी वापरत नव्हतं, जो तो यंत्राला कार्ड दाखवून मोकळा होई. गावातली बँकेची शाखाही कधीच बंद झाली होती. मास्तर गाडी काढून पाऊण तासावरच्या गावी गेले. तिथल्या बँकेतल्या मुलीने विचारलं, "पाच सेंटची? साडेसहा हजार? कशासाठी?" मास्तर म्हणाले, "कलेसाठी." त्यावर तिने आतून मोठ्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी मास्तरांचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि एका माणसाला मिळतात तेवढ्या नाण्यांची पुडकी देऊन वाटेला लावलं. एवढ्यात झाकणाची मूठसुद्धा झाकली नसती.

तेव्हा ग्लेनिसबाईंनी औषधाच्या दुकानात चिठ्ठी लावली आणि गावाने घरं झाडून काढली. लोक नाणी वापरत नसले तरी टाकतही नव्हते. बरण्या आल्या, मोजे आले, बिस्किटाचे डबे आले. त्यांत नाण्यांखेरीज कोटाची बटणं, न्यूझीलंडची चिल्लर आणि कोणाची तरी दाढ निघाली. बरणीमागे एक सल्लाही फुकट येई. एकजण म्हणाला, पाच सेंटची कशाला, दोन डॉलरची लावा, काम लवकर उरकेल. एक बाई म्हणाल्या, बार्बेक्यूऐवजी डॉल्फिन करा, डॉल्फिन सगळ्यांना आवडतो. मास्तर प्रत्येकाला चंगळवाद समजावून सांगत आणि प्रत्येक जण शेवटी विचारी, "पण मग डॉल्फिन का नाही?"

पहिल्या दिवशी मास्तरांनी ट्यूबमधल्या गोंदाने बावन्न नाणी चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली एकोणीस जागेवर होती. उरलेली गोगलगाईंसारखी खाली सरकत निघाली होती. झ्वॉन्को कुंपणावर हनुवटी टेकवून हे पाहत होता. अखेर त्याला राहवलं नाही.

"मास्तर, ही ओळ आहे की दारुड्याची वाट?"

"मला ती वेडीवाकडीच हवी आहे. अव्यवस्था हाच या कृतीचा आशय आहे."

"आशय असू दे रे. पण उद्या लोक विचारतील, शेजारी फरशीवाला राहतो ना? मग ओळंबा कुठे गेला? तोंड मला दाखवायचंय."

आणि तो आला. दोरी, पाणसळ, गुडघ्याच्या गाद्या आणि स्वतःचा चहाचा मग घेऊनच आला. त्या दिवसापासून कलाकार कोण आणि मदतनीस कोण हे ठरवणं अवघड झालं. खरं म्हणजे अवघड नव्हतं, मास्तर सिमेंट कालवत होते. झ्वॉन्को एकेक नाणं उचलून, त्याच्यावरचा साळिंदरासारखा काटेरी प्राणी, एकिडना, वरच येईल असं बघून, असं काही बसवी की चुटकीसरशी वीतभर जागा चमकू लागे. काम करता करता तो चंगळवादावर बोलेही. त्याच्या मेहुणीकडे दोन टीव्ही होते, एकाचा आवाज नीट होता आणि दुसऱ्याचं चित्र, ती दोन्ही एकदम लावत असे. "याला म्हणतात हाव, मास्तर! हे घाल तुझ्या कलेत!" असं म्हणून तो खदखदा हसे. मास्तर घमेल्यात डोकं घालून म्हणत, "हं." त्या अकरा ओळी त्यांना आठवत, पण अर्जात दुरुस्तीची मुदत पाचच दिवसांची होती आणि सहावा दिवस उलटून गेला होता.

शिवाय घरात सामान येतच होतं. झ्वॉन्को यादी देई आणि मास्तर आणत: विशिष्ट चिकटसिमेंट, विशिष्ट ब्रश, डोळ्यांचे चष्मे, एक दिवा, ताडपत्री, ताडपत्रीला दोर. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस त्यांना लांबूनच "आज काय, मर्व्ह?" असं विचारू लागला. ग्लेनिसबाई एकदा गॅरेजच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हा चंगळवादाविरुद्धचा लढा आपल्याला परवडेल ना? कारण मला स्वयंपाकघराचे पडदे घ्यायचे होते."

कडांशी आल्यावर मात्र अडलं. अख्खं नाणं मावेना. झ्वॉन्कोने क्षणाचाही विचार न करता फरशी कापायचं यंत्र लावलं आणि चाळीस नाणी मधोमध कापून, शोभेसाठी इथे मात्र राणीचा छाप वर ठेवून, कडा सुतासारख्या जुळवल्या. त्याच दुपारी नगरपालिकेच्या हेस्टर लूम तपासणीला आल्या. हेस्टरबाई उन्हाची मोठी टोपी घालत आणि हातातल्या पाटीवजा यंत्राकडे बघूनच बोलत, समोरचा माणूस त्यांना फक्त पत्ता म्हणून लागे.

"हे अर्धं का आहे?" त्यांनी कडेवर बोट ठेवलं.

"तिथे अख्खं मावत नाही, बाई," झ्वॉन्को अभिमानाने म्हणाला. "बघा, राणीसाहेबांच्या बरोबर नाकावरून कापलंय. एक चीर नाही."

हेस्टरबाईंनी प्रथमच मान वर केली. "चालू नाणं कापणं गुन्हा आहे. मुद्दाम विद्रूप करणं, तोडणं, नष्ट करणं. हे कोणी केलं?"

चाळीस राण्या अर्ध्या तोंडाने पाहत होत्या. एकतीस वर्षांत मास्तरांनी शाळेच्या खडूचा तुकडाही घरी आणला नव्हता, आणि आज त्यांच्या अंगणात राजद्रोह सापडत होता.

"आधीपासून तशीच होती," ग्लेनिसबाई दारातून म्हणाल्या. "बरणीत. दाढेबरोबर."

हेस्टरबाईंनी मान पुन्हा यंत्रात घातली. "उद्यापर्यंत काढा," त्या म्हणाल्या. मग यंत्रावर पुढचा प्रश्न आला. "वस्तूचा प्रकार. शिल्प?"

"शिल्पच," मास्तर म्हणाले.

"पण चाकं आहेत. फिरतात?"

"फिरतात की! मी तेल घातलंय," झ्वॉन्को म्हणाला.

"मग वाहन. पण बर्नरही आहेत. म्हणजे गॅसचं उपकरण. वाहन आणि गॅसचं उपकरण एकत्र असेल तर अग्निशमन दलाचा दाखला लागतो." असं बरंच झालं. शेवटी 'बाकडी व तत्सम' या प्रकारात कलाकृती बसली. मास्तरांच्या मानी मनाला ते लागलं, पण त्यांनी सही केली. दुसरी सही प्रतिज्ञापत्रावर: गॅसची टाकी काढली आहे, वस्तू पेटवली जाणार नाही.

कापलेली नाणी निघाली. ती कुठे गेली ते मास्तरांनी विचारलं नाही, पण त्या आठवड्यात झ्वॉन्कोने कचऱ्याच्या डब्याखाली कारण नसताना नवं काँक्रीट घातलं. कडांसाठी त्याने मग अख्खी नाणी माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवली, आणि खरं सांगायचं तर ते पहिल्यापेक्षाही देखणं झालं. उन्हात झाकण असं झळाळे की पलीकडच्या आळीतला कुत्रा त्याच्यावर भुंके.

प्रदर्शनाचा शनिवार उजाडला. हिरवळीवर प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा होता, चपलांची खुर्ची होती, एक नुसतंच भोक होतं. पण गर्दी होती ती नाण्यांच्या बार्बेक्यूपुढे. मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले आणि त्यांच्या पायांखालची हिरवळ सरकली. शेजारी दारापेक्षा थोडी लहान अशी पाटी उभी होती, आणि तिच्यावर ते मनोगत, अकराच्या अकरा ओळी, लांबूनही वाचता येतील एवढ्या अक्षरात.

मास्तर पाटीपुढे उभे राहिले. माणूस तसा भरदार, पण पाटी जास्त भरदार होती. ते डावीकडे सरकले की उजव्या ओळी उघड्या पडत. लोक म्हणत, "जरा सरकता का?" मास्तर म्हणत, "मी कलाकृतीचा भाग आहे." तासभर हे खपलं. मग झ्वॉन्को आला. केस चापून बसवलेले, अंगात लग्नातला शर्ट, बरोबर बायको अंकित्सा आणि तिच्या हातात कॅमेरा.

"सरक मास्तर, पाटीबरोबर फोटो काढायचाय. माझं नाव आहे का रे कुठे?"

"नाव नाही," मास्तर म्हणाले, आणि हे खरं होतं.

झ्वॉन्कोने त्यांना हलकेच बाजूला केलं, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागला. त्याला मनात वाचायची सवय नव्हती. "'माझ्या शेजाऱ्याने परवा नवा बार्बेक्यू घेतला. जुना चालत असताना.' हा! कोण रे हा उधळ्या? 'दोन माणसांच्या जेवणाला आठ बर्नर. झाकणाच्या आत...'" त्याचा आवाज बारीक झाला. "'...झाकणाच्या आत दिवा.'"

अंकित्साने कॅमेरा खाली घेतला. झ्वॉन्कोने उरलेल्या ओळी जन्मात पहिल्यांदाच मनात वाचल्या. वाचताना ओठ हलत होते. मास्तरांना वाटलं, शेजारचं ते नुसतं भोक आहे, त्यात उतरावं.

"झ्वॉन, हे एकंदर समाजा..."

"मास्तर," झ्वॉन्को चष्मा काढत म्हणाला, "तू भूगोल शिकवायचास ते बरं. गणित कच्चं आहे तुझं."

"म्हणजे?"

"दोन माणसं लिहिलंयस. दर रविवारी माझ्याकडे चार ताटं लागतात. तू दोनदा वाढून घेतोस, म्हणजे पाच धर."

आणि तो वळला. मास्तरांची समजूत, तो घरी गेला. गेला कुठे! दहा मिनिटांनी पाहतात तर हा बार्बेक्यूच्या दुसऱ्या अंगाला छाती काढून उभा. "हो हो, तो शेजारी मीच! आठ बर्नर, आत दिवा! खरी वस्तू बघायची? उद्या दुपारी या माझ्याकडे. खा, आणि मग ठरवा माजलाय कोण!" लोक हसत होते, पत्ता लिहून घेत होते. मास्तरांकडे कोणी बघेना.

आणि नेमकं अशा वेळी बक्षीस जाहीर झालं. नगरपालिका मास्तरांची कलाकृती विकत घेणार होती. ती वाचनालयाच्या दाराशी कायमची राहणार होती, आणि खाली पितळी पट्टीवर नाव: मर्व्हिन टॅप्सेल. निवृत्तीच्या दिवशी शाळेने मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि त्यावर त्यांचं नाव चुकीचं कोरलं होतं. पितळी पट्टीचं ऐकताच त्यांनी हेस्टरबाईंना आपल्या नावाचं स्पेलिंग दोनदा सांगितलं. हेस्टरबाई म्हणाल्या, "सोमवारी दहाला ताब्यात घेऊ. आज आहे त्याच स्थितीत हवं."

संध्याकाळी बार्बेक्यू घरी आणताना ट्रेलरवर चढवायला झ्वॉन्को आला. बोलला मात्र दोनच शब्द: "उचल" आणि "डावीकडे". तेही बार्बेक्यूकडे बघून.

रविवारी दुपारी मास्तर स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याआड उभे होते. ग्लेनिसबाई कोशिंबिरीचं भांडं घेऊन निघाल्या.

"तू जाणार? त्याने बोलावलंय?"

"दर रविवारी कुठे बोलावतो? आणि अकरा ओळी तू लिहिल्यास. मी काही लिहिलेलं नाही, मला भूक लागलीय."

झ्वॉन्कोला वाटलं होतं वीसेक माणसं येतील. सत्तर आली. देवमासा करणारे आले, भोक करणारा आला, डॉल्फिनवाल्या बाई चार पाहुण्यांना घेऊन आल्या. आठही बर्नर भणाणत होते. सॉसेज, कांदे, बोटाएवढ्या खिम्याच्या चेवापी, सगळं अंगणभर तडतडत होतं, आणि तरी रांग फाटकाबाहेर गेली होती. अंकित्सा पाव कापून कापून लाल झाली होती. सत्तर माणसांपुढे बोलावून जेवण कमी पडणं म्हणजे काय, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं मास्तरांना पडद्याआडूनही वाचता आलं.

कुंपणावर हनुवटी उगवली.

"मास्तर."

मास्तर बाहेर आले.

"आठ कमी पडतायत," झ्वॉन्को म्हणाला.

दोघांनीही एकदमच गॅरेजकडे पाहिलं. ताडपत्रीखाली सहा बर्नर होते.

"त्याला उद्या... पितळी पट्टी..." मास्तर अडखळले.

"माहीत आहे ना. म्हणून मागत नाही मी. नुसतं सांगतोय." आणि हनुवटी मावळली.

मास्तर जागीच उभे राहिले. एका बाजूला एकतीस वर्षांत न मिळालेली पट्टी, बरोब्बर स्पेलिंगची. दुसऱ्या बाजूला कांद्याचा वास. त्यांनी मनाशी मोठा तात्त्विक विचार सुरू केला आणि तो अर्ध्यावर असतानाच त्यांच्या लक्षात आलं की हातांनी ताडपत्रीचा दोर सोडलेलासुद्धा आहे.

चाकं गुळगुळीत फिरत बार्बेक्यू फाटकातून आत आला तेव्हा गर्दीने वाट दिली. कोणीतरी टाकी जोडली. सगळे मागे सरले. आता नाणी लाह्यांसारखी उडणार, असं प्रत्येकाला वाटत होतं, आणि एकदोघांनी ताटल्या तोंडापुढे धरल्या. मास्तरांनी कळ दाबली. एका चापात पेटला. एक मिनिट झालं, पाच झाली. साडेसहा हजारांतलं एकही नाणं हललं नाही.

"भट्टीचं सिमेंट आहे ते," झ्वॉन्को सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बार्बेक्यूला काय मोरीचं लावू मी? मास्तर, बघतोस काय, कांदे घे!"

साडेतीन तास मास्तर शेगडीपुढे होते. कोट गेला, बाह्या वर गेल्या. डॉल्फिनवाल्या बाईंनी तीनदा वाढून घेतलं आणि सांगितलं की आता त्यांना कलेचा अर्थ कळला. मास्तरांनी त्यांना तो विचारला नाही, चौथं सॉसेज दिलं.

सोमवारी दहाच्या ठोक्याला हेस्टरबाई आल्या. झाकण काळंभोर होतं. एकिडनांच्या काट्यांत चरबी गोठली होती. खवल्यांच्या फटींतून जळक्या कांद्याच्या शेंड्या डोकावत होत्या. मास्तरांनी पहाटेपासून घासलं होतं, पण चंगळवाद निघत नव्हता.

"हे पेटवलं?"

"हो."

"प्रतिज्ञापत्रावर सही तुमची आहे."

"माझीच आहे."

हेस्टरबाईंनी यंत्रावर बोट फिरवलं. "मग खरेदी रद्द. पट्टीही. नोंद करावी लागेल." त्या वाचू लागल्या. "नुकसानीचं कारण. पूर, वादळ, आग, चोरी, पक्षी. आग लिहू?"

मास्तरांनी विचार केला. भूगोलाच्या माणसाला चुकीची नोंद सहन होत नाही. "आग म्हणता येणार नाही. आग काबूत होती."

"मग कारण काय लिहू?"

"जेवण."

हेस्टरबाईंनी मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं. मग तपासणीचा शेवटचा भाग म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत कोपऱ्यात, पोळलेल्या कांद्याच्या गादीवर, दोन सॉसेज उरली होती.

"ही कलाकृतीचा भाग आहेत का?"

"नाही."

हेस्टरबाईंनी रस्त्याकडे पाहिलं, झ्वॉन्कोच्या घराकडे पाहिलं, मोठी टोपी काढून यंत्रावर पालथी ठेवली. "मग ती नोंदीत येत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि त्यांतलं मोठं उचललं.